शून्य टक्क्याच्या कार्डावर किराणा भरू नका

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. जुन्या क्रेडिट कार्डावर ६,००० डॉलर साचले होते, व्याज २७ टक्के. जानेवारीत दुसऱ्या बँकेचं बॅलन्स ट्रान्सफर कार्ड घेतलं (जुन्या कार्डाचं कर्ज यावर वळवता येतं): १८ महिने शून्य टक्के, ३ टक्के फी. फीसकट ६,१८० डॉलर नव्या कार्डावर आले. कार्ड हाताशी आहेच, म्हणून किराणा, मुलांचे कपडे, गाडीचे टायर सगळं त्यावरच घेतलं. दोन महिन्यांत १,४६० डॉलरची खरेदी झाली. दर महिन्याला न चुकता ४०० डॉलर भरले. तरी मागच्या स्टेटमेंटवर ६ डॉलर व्याज आणि या वेळी १३ डॉलर ७० सेंट! शून्य टक्के म्हणाले होते ना? पुण्याचे भाऊजी म्हणतात, खरेदीला पंचेचाळीस-पन्नास दिवस व्याज नसतंच, बँकेनं चूक केली असणार, भांड त्यांच्याशी. जूनमध्ये भारतात जायचंय. चौघांच्या तिकिटांचे ५,५०० डॉलर याच कार्डावर टाकायचा विचार आहे, लिमिट १२,००० आहे. टाकू का? आणि जुनं कार्ड बंद करून टाकू का? तिन्ही स्टेटमेंटं सोबत जोडली आहेत.

उत्तर: भांडायला जाऊ नका, हरून परत याल. बँकेचं गणित बरोबर आहे. तिकिटं या कार्डावर काढू नका आणि जुनं कार्ड आत्ता बंद करू नका. तुमचा खरा तोटा १३ डॉलर ७० सेंटचा नाहीच. तो त्याच स्टेटमेंटवर दुसऱ्या आकड्यात लपलाय. तिथे येऊच, पण आधी हे व्याज आलं कुठून ते बघू.

तिसऱ्या स्टेटमेंटचं शेवटचं पान उघडा. 'इंटरेस्ट चार्ज कॅल्क्युलेशन' नावाचा छोटा तक्ता आहे, जो सहसा कुणी वाचत नाही. त्यात तीन ओळी आहेत: परचेसेस (खरेदी), बॅलन्स ट्रान्सफर्स (वळवलेलं कर्ज) आणि कॅश ॲडव्हान्सेस (कार्डावर काढलेली रोकड). म्हणजे कार्ड एक असलं तरी आत तीन कप्पे आहेत आणि प्रत्येकाचा दर वेगळा. शून्य टक्के फक्त मधल्या ओळीसमोर लिहिलंय. खरेदीच्या ओळीसमोर २४.९९ टक्के आहे, म्हणजे जुन्या कार्डापेक्षा जेमतेम दोन टक्के कमी. जाहिरातीत शून्य मोठं छापलेलं असतं, 'बॅलन्स ट्रान्सफरवर' हे तीन-चार पट लहान अक्षरांत.

"पण खरेदीला बिनव्याजी दिवस असतात ना?" असतात, पण त्यांना एक अट असते. मागच्या स्टेटमेंटची सगळी रक्कम देय तारखेपर्यंत भरली असेल तरच ग्रेस पिरियड मिळतो. सगळी म्हणजे तुम्ही बदली करून आणलेल्या कर्जासकट सगळी. तुमच्या पहिल्या स्टेटमेंटवर ६,१८० डॉलर होते आणि तुम्ही भरले ४००. तिथेच ग्रेस पिरियड गेला. त्यानंतर दुकानात कार्ड घासलं त्या दिवसापासून व्याज सुरू. किराण्याचे पैसे महिनाअखेरीस वेगळे भरले तरी मधल्या दिवसांचं व्याज लागणारच, कारण बँकेच्या लेखी तुम्ही बाकी ठेवणाऱ्या ग्राहक आहात.

अपवाद आहेत. काही बँका स्टेटमेंटवर 'व्याज वाचवायचं तर एवढे भरा' अशी वेगळी रक्कम दाखवतात आणि ती भरली की खरेदीवर व्याज लावत नाहीत. तुमच्या स्टेटमेंटवर तशी ओळ नाही. नसेल तर सवलत नाही, असंच धरून चाला. हा सापळा इतका सर्रास आहे, की अमेरिकेच्या कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरोनं सप्टेंबर २०१४ मध्ये कार्ड कंपन्यांसाठी खास पत्रक काढून बजावलं होतं: शून्य टक्क्याची जाहिरात करताना खरेदीवरचा ग्रेस पिरियड जातो हे दडवलं, तर ती ग्राहकाची दिशाभूल ठरू शकते. तेव्हापासून ते वाक्य बहुतेक अर्जांवर असतं. वाचलं जात नाही, एवढंच.

भाऊजी निम्मे बरोबर आहेत. पंचेचाळीस-पन्नास बिनव्याजी दिवस भारतातही असतात, पण अट तिकडेही हीच आहे. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांनुसार, मागच्या बिलातलं काहीही थकलं तर बिनव्याजी मुदत जाते, हे बँकेनं ग्राहकाला स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. भाऊजी दर महिन्याला पूर्ण बिल भरत असणार, म्हणून त्यांना हा अनुभव कधी आला नाही.

आता १३ डॉलर ७० सेंट. २४.९९ टक्क्यांना ३६५ नं भागलं की रोजचा दर निघतो, ०.०६८५ टक्के. तक्त्यात खरेदीच्या ओळीत 'व्याजास पात्र शिल्लक' ६६७ डॉलर दिलीय. ही महिन्याभरातली सरासरी दैनंदिन शिल्लक आहे. ६६७ ला रोजच्या दरानं आणि ३० दिवसांनी गुणा: १३ डॉलर ७० सेंट. हिशेब चोख आहे.

हा आकडा लहान आहे आणि म्हणूनच तो फसवतो. जुन्या कार्डावर महिन्याला १३५ डॉलर व्याज जायचं. त्यापुढे तेरा-चौदा डॉलर म्हणजे काहीच नाही, असं वाटून माणूस कार्ड वापरत राहतो. खरी गोम तुम्ही भरलेल्या ८०० डॉलरमध्ये आहे.

तिसऱ्या स्टेटमेंटवर बदली केलेल्या कर्जाची शिल्लक ६,०४७ डॉलर आहे. सुरुवात ६,१८० नं झाली होती. म्हणजे तुम्ही ८०० भरलेत, पण त्यातले जुन्या कर्जावर उतरले फक्त १३३. बाकीचे ६६७ खरेदीच्या कप्प्यात गेले. तरीही तिथे अजून ७९९ शिल्लक आहेत, कारण खरेदी १,४६० ची होती आणि वर आधीचं ६ डॉलर व्याज. (हे ६६७ आणि मघाचे ६६७ जुळले तो निव्वळ योगायोग.) या महिन्याच्या व्याजासकट एकूण बाकी आहे ६,८५९ डॉलर ७० सेंट. जानेवारीपेक्षा ६८० डॉलर जास्त, आणि तेही एकही हप्ता न चुकवता.

८०० ची अशी वाटणी का झाली? कारण तसा कायदाच आहे, आणि गंमत म्हणजे तो ग्राहकाच्या भल्यासाठी केलेला आहे. २००९ च्या कार्ड ॲक्टच्या आधी बँका तुमचा प्रत्येक डॉलर सर्वांत स्वस्त कर्जावर टाकायच्या. शून्य टक्क्याचं कर्ज आधी फिटायचं आणि महाग खरेदी तोवर व्याज खात पडून राहायची. २२ फेब्रुवारी २०१० पासून ते बदललं. आता किमान रकमेच्या वर जे भराल, ते सर्वांत जास्त दराच्या शिलकीवर आधी टाकावं लागतं. किमान रक्कम मात्र कुठे टाकायची हे बँकेच्या मर्जीवर आहे आणि बहुतेक बँका ती सर्वांत कमी दराच्या कप्प्यात टाकतात. तुमच्या बँकेनं तेच केलं. पहिल्या ४०० मधली किमान रक्कम ६२ आणि दुसऱ्या ४०० मधली ७१, झाले १३३.

या नियमानं तुमचं व्याज कमी लागतं, हे खरंच. पण त्याच नियमानं तुमचं मूळ कर्ज जागचं हलत नाही. समजा, उद्यापासून तुम्ही हात आखडता घेतलात, महिन्याला फक्त ३३० डॉलरची खरेदी या कार्डावर केलीत आणि ४०० भरत राहिलात. कागदावर सगळं आलबेल दिसेल, खरेदी तर महिन्याच्या महिन्याला फिटतेय. पण जुन्या कर्जावर दर वेळी फक्त सत्तर-एक डॉलर उतरतील. अठरा महिने संपतील तेव्हा ४,९०० च्या आसपास उरलेले असतील आणि त्यांच्यावर २४.९९ टक्के लागू होईल. महिन्याला साधारण १०२ डॉलर. १८० डॉलर फी देऊन आणलेल्या शून्य टक्क्याचा उपयोग मग काय झाला? मग माणूस दुसरं बॅलन्स ट्रान्सफर कार्ड शोधतो, पुन्हा ३ ते ५ टक्के फी भरतो आणि तिथेही किराणा घ्यायला लागतो.

आता करायचं काय.

आज, हे वाचून झाल्याबरोबर, कार्ड पर्समधून काढून घरात ठेवा. फोनच्या वॉलेटमधून आणि शॉपिंगच्या ॲपमधूनही काढा. फक्त पर्समधून काढून भागत नाही, कारण निम्मी खरेदी तिथूनच होते. मग बघा, कोणती बिलं परस्पर या कार्डावर येतात: फोन, स्ट्रीमिंग, जिम, मुलांच्या क्लासची फी. टोलच्या ई-झेडपासकडे हमखास दुर्लक्ष होतं. शिल्लक कमी झाली की ते आपोआप कार्डातून पैसे ओढतं आणि टर्नपाइकवर रोज जाणाऱ्याच्या खात्यात हे महिन्यातून दोन-तीनदा होऊ शकतं. दर वेळी खरेदीच्या कप्प्यात भर पडते, व्याज त्याच दिवसापासून. ही सगळी बिलं डेबिट कार्डावर किंवा थेट बँक खात्यावर वळवा. कार्डाला वार्षिक फी असेल तर तीही सहसा खरेदीसारखीच धरली जाते, तेवढं अटींमध्ये बघून ठेवा.

नंतर खरेदीचा कप्पा रिकामा करायचा. त्यासाठी या वेळची किमान रक्कम ८२ डॉलर, खरेदीचे ७९९ आणि व्याजाचे १३.७० असे मिळून ८९५ डॉलर भरावे लागतील. फक्त ८१३ भरून चालणार नाही, कारण त्यातले पहिले ८२ जुन्या कर्जाकडे जातील आणि खरेदीचा कप्पा ८२ नं अपुरा राहील. ही चूक हिशेबाला पक्के असलेले लोकही करतात. देय तारखेची वाट पाहू नका. व्याज रोज सुमारे ५५ सेंट चढतंय, वीस दिवस थांबलात तर ११ डॉलर. टॅक्स रिफंड यायचा असेल तर तो इथेच टाका.

भरल्यानंतरही पुढच्या स्टेटमेंटवर चार-सहा डॉलर व्याज दिसेल. घाबरू नका आणि पुन्हा पत्र लिहू नका. स्टेटमेंट निघाल्यापासून तुमचे पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचं ते उरलेलं व्याज आहे. पुढच्या हप्त्यात किमान रकमेच्या वरचे पहिले डॉलर त्यावरच जातील आणि तो कप्पा शून्यावर येईल. त्याच्या पुढच्या स्टेटमेंटवर खरेदीच्या ओळीसमोर ०.०० आहे ना, एवढं डोळ्यांनी बघा.

एकदम ८९५ जमणार नसतील तरी बिघडत नाही. नवी खरेदी पूर्ण थांबवून ४०० भरत राहिलात तर तीन हप्त्यांत खरेदी फिटेल आणि एकूण २० ते २५ डॉलर व्याज जाईल. पण त्या तीन महिन्यांत मूळ कर्ज फारसं हलणार नाही आणि पुढचे हप्ते तेवढे जड होतील, हे धरून चला.

एप्रिलमध्ये ८९५ भरलेत असं धरू. मूळ कर्ज ५,९६५ वर येईल. सवलत जानेवारीपासून अठरा महिने, म्हणजे पुढच्या वर्षी जुलैत संपेल. जुलैपर्यंत ताणू नका, एक महिना हाताशी ठेवा. मे ते पुढचा जून असे १४ हप्ते, प्रत्येकी ४२७ डॉलर. आत्ताच्या ४०० पेक्षा फक्त २७ जास्त. बँकेच्या साइटवर ऑटोपे लावताना 'किमान रक्कम', 'स्टेटमेंटची पूर्ण रक्कम' आणि 'ठरावीक रक्कम' असे पर्याय दिसतील. तुम्हाला तिसरा हवा आहे. किमान रकमेवर ऑटोपे लावून विसरून जाणं ही या कार्डांवरची सर्वांत महागडी सवय आहे.

आणि एक. स्टेटमेंटच्या पहिल्या पानावर चौकटीत लिहिलेलं असतं, की फक्त किमान रक्कम भरलीत तर फिटायला इतकी वर्षं आणि महिन्याला इतके डॉलर भरलेत तर ३ वर्षांत फिटेल. ही चौकटही कार्ड ॲक्टचीच देणगी. पण तो ३ वर्षांचा आकडा तुमचा नाही. तुमची मुदत दीड वर्षाची आहे. तो आकडा बघून ऑटोपे लावणारे बरेच असतात आणि सवलत संपते तेव्हा अर्धं कर्ज अजून बाकी असतं.

मुदत नेमकी कधी संपते हे बँकेला विचारून घ्या. काही ठिकाणी अठरा महिने खातं उघडल्यापासून मोजतात, काही ठिकाणी कर्जाची बदली झाली त्या दिवसापासून. बदली व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तेव्हा फरक पडतो. उत्तर फोनवर न घेता साइटवरच्या सिक्युअर मेसेजमधून घ्या, म्हणजे ते लेखी राहतं. त्याच निरोपात हेही विचारा, की ही एक वेळ खरेदीवरचं व्याज माफ कराल का. हक्क म्हणून मागू नका, विनंती करा. 'खरेदी या कार्डावर व्याजी आहे हे लक्षात आलं नाही, आता सगळी खरेदी फेडली आहे, सौजन्य म्हणून हे व्याज परत मिळेल का' इतकंच पुरे. हप्ते वेळेवर असलेल्या ग्राहकाला बऱ्याचदा मिळतं. ८९५ भरून झाल्यावर विचारा, आधी नाही.

तिकिटं. ५,५०० डॉलर या कार्डावर टाकले तर पहिल्याच महिन्यात ११४ डॉलरच्या आसपास व्याज. शिवाय त्यानंतर किमान रकमेच्या वर जे काही भराल ते तिकिटांकडे जाईल आणि मूळ कर्ज तिथेच बसून राहील. लिमिट १२,००० आहे म्हणून बसतील असं वाटतं, पण आत्ता तर ती बसतही नाहीत: ६,८६० आणि ५,५०० मिळून १२,३६० होतात. आधी ८९५ भरलेत तरी लिमिटच्या ९५ टक्क्यांवर जाल, आणि क्रेडिट स्कोअरला ते झोंबतं. तिकिटांसाठी पैसे साठलेले असतील तर दुसऱ्या कार्डावर काढा आणि बिल पूर्ण भरा. साठलेले नसतील, तर जूनऐवजी डिसेंबरचा विचार करायला हरकत नाही, अर्थात डिसेंबरची तिकिटं आणखी महाग असतात हेही खरं. हा निर्णय घरच्यांनी बसून घ्यायचा. आम्ही फक्त व्याज सांगू शकतो.

भारतात गेलात तरी हे कार्ड तिकडे घासू नका. बॅलन्स ट्रान्सफरच्या बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहाराला ३ टक्के फी असते, त्यात दिवसागणिक व्याज. घरी पैसे पाठवतानाही हेच. रेमिटन्सच्या ॲपमध्ये क्रेडिट कार्ड निवडलं, तर बऱ्याच बँका तो कॅश ॲडव्हान्स धरतात. मघाच्या तक्त्यातली ती तिसरी ओळ. त्यावर वेगळी फी, दर खरेदीपेक्षाही जास्त आणि बिनव्याजी दिवस पूर्ण बिल भरणाऱ्यालाही नाहीत. आई-बाबांना पैसे बँक खात्यातूनच पाठवा.

तुमच्या मैत्रिणी सांगतील, "आमच्या कार्डावर तर खरेदीलाही शून्य आहे." अशी कार्डं आहेत. दोन्ही कप्प्यांवर शून्य असेल तर रोजचं व्याज लागत नाही. पण दोन्ही मुदती सारख्या असतीलच असं नाही: बदलीला १८ महिने आणि खरेदीला १२, असं सर्रास असतं. तेराव्या महिन्यात खरेदीची उरलेली शिल्लक एकदम महाग होते आणि तुमच्या हप्त्याचा मोठा भाग तिकडे वळतो. नव्या कार्डाच्या बोनसचंही तसंच. 'तीन महिन्यांत ५०० खर्च करा, २०० मिळवा' यात बदली करून आणलेलं कर्ज खर्च म्हणून धरलं जात नाही. बोनस हवाच असेल, तर कर्जाच्या कार्डापेक्षा वेगळ्या कार्डावर मिळवा.

फर्निचरच्या दुकानातलं '१२ महिन्यांत पूर्ण फेडलं तर व्याज नाही' हे प्रकरण आणखी वेगळं. तिथे व्याज माफ नसतं, फक्त पुढे ढकललेलं असतं. शेवटच्या दिवशी थोडे जरी बाकी राहिले, तर खरेदीच्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम अंगावर येतं. तुमच्या बॅलन्स ट्रान्सफरमध्ये तसं नाही. जुलैत काही उरलं तर त्या उरलेल्यावर, त्या दिवसापासून पुढे व्याज. मागचं उकरलं जात नाही. दोन्हीकडे 'शून्य' लिहिलेलं असतं, त्यामुळे घोटाळा होतो.

चुकून या कार्डावर काही घेतलंच, तर हात-पाय गाळू नका. शंभर डॉलरचा किराणा पाच दिवस राहिला तर ३४ सेंट व्याज. त्या महिन्याची किमान रक्कम आधीच भरलेली असेल, तर त्यानंतरचा प्रत्येक डॉलर थेट खरेदीवर जातो. व्यवहार 'पेंडिंग' मधून 'पोस्टेड' झाला की तेवढे वेगळे भरून टाका. पेंडिंग असतानाच भरलेत, तर ते पैसे जुन्या कर्जावर जातील. वाया जात नाहीत, पण किराणा तसाच राहतो. दुकानात वस्तू परत केली आणि रिफंड आला, तर तो हप्ता म्हणून धरू नका. महिन्याची किमान रक्कम तरीही भरावीच लागते.

हप्ता चुकला तर? एक-दोन दिवसांनी शून्य टक्के जात नाहीत, लेट फी लागते. या कर्जावरचा सवलतीचा दर मुदतीआधी काढून घ्यायचा, तर हप्ता ६० दिवसांहून जास्त थकलेला असावा लागतो, हेही कार्ड ॲक्टमध्येच आहे. ऑटोपे असेल तर तुमच्यावर ही वेळ येऊ नये. ज्या खात्यातून पैसे जातात त्यात पगार हप्त्याच्या आधी येतो ना, तेवढी तारीख जुळवून घ्या. बहुतेक बँका देय तारीख बदलून देतात.

राहिलं जुनं कार्ड. आधी बघा, ते खरंच शून्यावर आलंय का. जानेवारीत ६,००० ची बदली झाली, पण बदली पोचेपर्यंतच्या दिवसांचं व्याज तिथेही उरलं असणार. ते नंतरच्या स्टेटमेंटवर येतं, आणि 'ते कार्ड तर फिटलं' म्हणून कुणी उघडून बघत नाही. वीस-तीस डॉलरच्या बाकीवर लेट फी लागते आणि क्रेडिट रिपोर्टवर डाग पडतो. आजच लॉगिन करून बघा आणि असेल ते भरा. सलग दोन स्टेटमेंटं पूर्ण फिटलेली दिसली, की तिथला ग्रेस पिरियड परत आलाय असं समजा. अटींमध्येही ते लिहिलेलं असतं. वार्षिक फी नसेल तर ते कार्ड चालू ठेवा. बंद केलंत तर तुमचं एकूण उपलब्ध लिमिट कमी होईल, नव्या कार्डावरच्या कर्जाचं प्रमाण जास्त दिसेल आणि स्कोअर घसरेल.

किराणा आणि घरखर्च डेबिट कार्डावर ठेवा. ऑनलाइन खरेदी मात्र त्या जुन्या क्रेडिट कार्डावर करा आणि दर महिन्याला पूर्ण भरा. नंबर चोरीला गेला तर क्रेडिट कार्डावर कायद्यानं तुमची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलरची. डेबिट कार्ड चोरीला गेल्याचं कामकाजाच्या दोन दिवसांत कळवलं नाही तर ती ५०० पर्यंत जाऊ शकते, आणि पैसे तुमच्याच खात्यातून आधी गेलेले असतात.

भारतातल्या वाचकांसाठी दोन ओळी, कारण तुमचे भाऊजीही हे वाचतील. तिकडे बॅलन्स ट्रान्सफर बहुधा ईएमआयच्या रूपात येतं आणि हप्ता दर महिन्याच्या बिलात लागतो. तेव्हा खरेदीवरचे बिनव्याजी दिवस टिकवायला काय भरावं लागतं आणि भरलेले पैसे कोणत्या क्रमानं वळते होतात, हे बँकेच्या 'मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स' या पत्रकात बघायचं. जास्त दराचं आधी, हा अमेरिकेतला नियम तिकडे गृहीत धरू नका. बऱ्याच कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. तिथे तुमच्यासारखी चूक केली असती, तर स्टेटमेंटवरचा आकडा तेरा डॉलरइतका सौम्य नसता.